दोन ठिपके

सारेमा बेटावर, मासे धुरवायच्या खोलीत
तार्तूहून आलेली मार्यु
कागदावर चौकोन काढते, एक बाजू तिरकी.
"हे तोंड समजा. इकडे दात, इकडे पडजीभ."

ए म्हणा, जीभ तिथेच ठेवा, ओठांचा चंबू करा:
हा बेटाचा स्वर.
ओ म्हणा आणि ओठ पसरा,
हसू दाबल्यासारखे:
हा पलीकडच्या किनाऱ्याचा.
कागदावर अंतर पेरभर.

म्हातारी सुरी पुसत ऐकते.
तिचं नावच त्या दुसऱ्या स्वराने सुरू होतं,
आणि बेटाला तो येत नाही.
सत्त्याहत्तर वर्षं हाका आल्या
त्या पहिल्या ठिपक्यावरून.

फक्त काल्यु, फेरीबोटीवरचा मेकॅनिक, तिकडचा,
नीट म्हणायचा. बेट हसायचं त्याला.
मला ते नाव इथे लिहिता येत नाही;
माझ्या बाराखडीत
दोन्ही ठिपक्यांना घर नाही.

"आता तुम्ही म्हणा." मार्यु यंत्र पुढे सरकवते.
ती ओठ पसरते, जीभ मागे नेते.
काल्यु गेल्यापासून, अकरा वर्षं,
ज्या आवाजाने कुणी बोलावलं नाही
तो स्वतःच काढते, एकदा.

मग विचारते,
मासे नेणार का थोडे?