दुसऱ्यावर

गिअरच्या मुठीवरचे आकडे
त्याच्या तळव्याने पुसून नेलेत, चौदा वर्षांत.
एक अंधुक दिसतो, पाच अर्धा.
मधले ज्याला पाठ, त्यालाच ठाऊक.
मला पाठ नव्हते. मी शेजारी बसायचे,
टोलचे सुट्टे पैसे मोजत.

आता शेजारी तो बसतो.
पाडव्याच्या आदल्या रात्री त्याची डावी बाजू गेली,
म्हणजे नेमका क्लचचा पाय
आणि गिअरचा हात.
उजवं सगळं शाबूत: ॲक्सिलरेटर, ब्रेक,
आणि माझ्या चुका दाखवणारं बोट.

मढवी सरांनी मला खाडीकडच्या मोकळ्या रस्त्यावर
सरळ चालवायला शिकवलं.
वळणाचं तुमचं तुम्ही बघा मॅडम, म्हणाले,
आपली फी एकवीस दिवसांची.

वळण म्हणजे पारसिक हिल.
वर, बंगल्यांच्या रांगेत, फिजिओथेरपीवाली करुणा टिपणीस,
मंगळवार-शुक्रवार, सहा वाजता.
खाली कोकण भवन, जिथे मी एकतीस वर्षं
फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या,
एकदाही क्लच न दाबता.

"वळणाच्या आधी," तो म्हणतो. "वळणात नाही.
आधी वेग उतरव, मग दुसरा टाक, मग वळव.
वळणात फक्त स्टिअरिंग."
मी मान डोलावते
आणि दर खेपेला वळण माझ्या अंदाजाच्या अलीकडेच
येऊन उभं असतं.
तिसऱ्यावर गाडी कण्हते,
डॅशबोर्डवरचा त्याचा चष्मा थरथरत कडेला येतो,
त्याचा उजवा पाय, जिथे काहीच नाही तिथे,
ब्रेक दाबत राहतो.

त्या शुक्रवारी वरून पाण्याचा टँकर आला,
गळका, अर्धा आमच्या बाजूला.
मी वळणाच्या पोटात, तिसऱ्यावर,
दोन्ही हात स्टिअरिंगला, पेरं पांढरी.
क्लच दाबला. का, ते आजही सांगता येणार नाही.
इंजिनाचा आवाज सुटा झाला.
क्लच दाबलेली गाडी
क्षणभर कुणाचीच नसते.
हात सोडला तर टँकर,
नाही सोडला तर मागचा उतार.

मूठ हलली.
मी हलवली नव्हती.

माझ्याकडून दुसरा म्हणजे मागे आणि पलीकडे ढकलायचा.
त्याच्या बाजूने तोच दुसरा
स्वतःकडे ओढायचा.
चौदा वर्षं डाव्या हाताला येत होतं ते
उजव्याने, उलटं,
रात्री उशाशी पाण्याचा तांब्या चाचपावा तसं.
कर्र. मग खट्.
माझा पाय आपसूक वर आला,
इंजिनाने गाडी धरली,
टँकर आमच्या काचेवर पाणी शिंपडून गेला.

वर पोचेपर्यंत कुणी बोललं नाही.
करुणाने त्याच्या डाव्या हातात नेहमीचा पिवळा चेंडू दिला.
दाबा, सोडा. दाबा.
चेंडूला काही झालं नाही.
बाकावर बसल्या बसल्या माझं डावं पाऊल
फरशी दाबत होतं, हे मला
करुणा हसली तेव्हा कळलं.

उतरताना अंधार. खाली बेलापूरचे दिवे,
त्यापुढे खाडी, नुसती काळी.
पहिलं वळण दिसायच्या आत त्याने
न विचारता मुठीवर हात ठेवला.

"क्लच पूर्ण दाब. मघाशी अर्धाच दाबला होतास,
गिअर करकरला."
"तू घाई केलीस."
"मी वेळेवर होतो."
"वळणात. वळणात टाकलास तू."

यावर तो खिडकीबाहेर बघत राहिला,
हात तिथेच.
मी वेग उतरवला. पाय दाबला, पार खाली,
आणि म्हटलं, "हं."