पान अठ्ठेचाळीस

क्लाक्सविकच्या मासळी-कारखान्यात
मासे चिरणाऱ्या यंत्राची पुस्तिका
तारेला टांगलेली असते, कोपरे तेलकट.
ती मी लिहिली, आठ वर्षांपूर्वी,
कोपनहेगनहून आलेल्या मसुद्यावरून, शब्दाला शब्द.

'पात्यांची स्वच्छता करण्यापूर्वी
वीजपुरवठा खंडित करण्यात आल्याची
खात्री करून घेण्यात यावी.'
पान अठ्ठेचाळीस. टीप तिसरी.

त्या वाक्यात कुणीच नव्हतं.
कर्मणी प्रयोगात कुणालाच हात नसतात.
ग्राझिनाला होते. दोन.
उजव्याची तर्जनी आणि मधलं बोट
त्या फेब्रुवारीत यंत्राकडेच राहिलं.
चौकशीत नोंद झाली: सूचना उपलब्ध होती.

उपलब्ध.
किती दिवस तोंडात घोळवला हा शब्द,
जिभेनं काटा शोधावा तसा.

मग ट्रोन्दुरकडे गेले. तो याच यंत्राचा जुना मेकॅनिक,
डोळे गेल्यापासून फोनवर दुरुस्त्या सांगतो.
त्यानं माझी पुस्तिका संगणकाला मोठ्यानं वाचायला लावली.
"चित्र. चित्र. खालील लाल चौकट पाहा. चित्र."
तो हसला. मी नाही.
"मथळे कुठायत?"
ठळक केलेत की, मी म्हणाले.
"ठळक मला ऐकू येत नाही, बाई.
जिना बांध. भिंतीवर पायऱ्या रंगवू नकोस."

हिवाळाभर बांधत होते.
एका वाक्यात एकच काम.
लाल चौकटीला शब्द दिले, चित्रांना नावं,
मथळ्याखाली मथळा, हात धरून उतरता येईल असा.
'उपरोक्त' गेलं, 'सुनिश्चित' गेलं.
'यथायोग्य' काढताना जरा वाईट वाटलं:
खानदानी शब्द, पण कधी कामाला आला नव्हता.
एक तक्ता अजून फसलेलाच आहे,
ट्रोन्दुर म्हणतो, त्यात शिरलं की दार सापडत नाही.

ग्राझिना आता पॅकिंगला असते.
मसुदा तिच्यापुढे ठेवला.
तिनं सवयीनं अंगठा कोपऱ्याला लावला, पान उलटायला,
आणि थांबली. पहिलंच पान. पहिलीच ओळ.

आधी वीज तोड.
मग हात घाल.

परक्या भाषेत, ओठ हलवत, दोनदा वाचलं तिनं.
"एवढंच होतं?"

या वाक्याला कर्ता लागणार होता.
मी म्हणाले, हो.
मी लिहिलं नव्हतं.