परतीची तारीख

कुल्वा आला तेव्हा त्याच्या अंगाला
सुकत घातलेल्या डागा मासळीचा वास होता.
म्हणाला, दोन वर्षं माझ्या होडीत बसून
न्यामिझीबाईंनी मासे मोजले,
पुढे काय लिहिलं ते दाखवा.

मी नाव टाकलं. सारांश आला, सहा ओळी,
आणि खाली कुलूप:
एकोणचाळीस डॉलर, चोवीस तासांसाठी.

आमची वर्गणी केव्हाच सुटली.
किंमत दर जानेवारीत चढायची
आणि मी एकेक नियतकालिक खुडत जायचे,
आधी भूगोल, मग प्रसूतिशास्त्र,
शेवटी सरोवर. जे खिडकीतून दिसतं ते.

न्यामिझीला फोन केला. ती हसली.
छापून आलेला लेख तिलाही उघडत नव्हता.
सगळ्यांसाठी खुला करता येतो म्हणे,
फक्त लिहिणाऱ्याने तीन हजार भरायचे.
म्हणजे हात तोच,
खिसा तेवढा बदलला.

संध्याकाळी ती कच्चा मसुदा घेऊन आली,
कडेला चहाचे डाग.
ग्रंथालयाच्या पायरीवर बसून स्वाहिलीत सांगू लागली:
किनाऱ्यालगत बारीक जाळं टाकलं
की पिल्लंच जास्त येतात,
चांदण्यात तर दिव्याला कुणी भुलतच नाही...

कुल्वाने तिला थांबवलं.
"हे तर मीच सांगितलं होतं. होडीत.
फुकट."

तरी कागद मागून घेतलाच त्याने,
चार घड्या घालून टोपीत ठेवला.
मी वहीत नोंद केली:
कुल्वा, म्वान्झा, प्रत एक.
परतीच्या तारखेचा रकाना
कोरा सोडला.