पाचशे बारा

पाकीट आलं तेव्हा तांडापेठेत वैशाख होता,
बाजूच्या घरी उरलेला एकच माग
खटक खटक चालला होता,
कूलर कोरडा,
आणि माझ्या तळहातावर
नखाएवढं काळं कार्ड.
पाचशे बारा जीबी. चारशे एकोणपन्नास रुपये.
‘स्वस्तात गावलं बे,’ भुमेश म्हणाला.
मी म्हटलं, नशीब असते एकेकाचं.

आता मला माहीत आहे खोटं कार्ड खोटं कसं बोलते.
ते कशालाच नाही म्हणत नाही.
चंद्रकला पौनीकरच्या लग्नात
सकाळी हळद घातली त्याच्यात, ते हो म्हणालं.
मंगलाष्टकं, हो.
पंगत, आलूवांगं, बुंदीसाठी रुसलेले आत्याबाईंचे यजमान,
डीजेसमोर लोळून नाचलेला नवरदेवाचा मावसा,
हो, हो, हो.
लाल दिवा लुकलुकत राहिला
मानपानाचं काहीच न मागणाऱ्या व्याह्यासारखा.
तिथंच कळायला हवं होतं.

सीताबर्डीच्या तळघरात कुतुबभाईंनी
ते रात्रभर आकड्यांनी भरलं,
सकाळी तेच आकडे परत मागितले.
सात पॉइंट चारपर्यंत दिले त्यानं.
मग काहीच नाही.
‘आठ का पेट है, पाचसौ बारा का बोर्ड,’ म्हणाले,
‘भरलं की पहिल्या पानावर येतं
अन् जुन्यावरच लिहीत बसतं. चाय घेणार?’

नावं सगळी होती.
एकशे त्रेचाळीस फाइली,
प्रत्येकीपुढे तारीख, वेळ, वजन.
उघडली की राखाडी.
फक्त शेवटची पाठवणी चालली, तीही अडखळत,
आणि तिच्या मधोमध
रडणाऱ्या चंद्रकलेच्या गालावर
अर्ध्या सेकंदापुरती
सकाळची हळद आली
आणि गेली.

मी ॲडव्हान्स परत घेऊन गेलो.
मालूबाईंनी नोटा मोजल्या नाहीत.
‘जावई बुटीबोरीलेच आहे, पोरगी पुढल्या गल्लीत,
शालू ड्रायक्लीन करून आणला.
आयतवारी पुन्हा लावू. त्यात काय?’

लावलं. गच्चीवर, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत.
अंतरपाट म्हणून पलंगपोस.
भटजी स्कूटी चालू ठेवूनच आले.
तांदूळ महाग म्हणून
एकदा टाकलेल्या अक्षता
झाडूनं गोळा करून पुन्हा टाकल्या.
माझ्याकडे बत्तीस जीबी, दुकानातून, बिलासकट,
दर दहा मिनिटांनी काढून तपासत होतो.
चंद्रकलेला हसू आवरेना.
सातव्या पावलाला नवऱ्यानं हळूच विचारलं,
ह्या लग्नाचा वाढदिवस कोणता धरायचा?

पाठवणीला मात्र अडलं.
तिचे वडील, शंकरराव, नुसते उभे.
मी म्हटलं, काका, थोडं रडल्यासारखं करा,
त्या दिवशी केलं तसं.
ते म्हणाले,
‘त्या दिवशी मी तं मांडवामांगं होतो,
पाण्याच्या टाकीपाशी.
तुह्या क्यामेऱ्यात मी कधी आलोच नाई, बाप्पा.’

मी कॅमेरा खाली घेतला.
का ते नाही सांगता येत.
लेक आली, शालूच्या पदरानं त्यांचा चष्मा पुसला,
दोघं काहीतरी बोलले, माग मध्ये येत होता,
मला ऐकू आलं नाही.
हेही कुठंच नाही आता.

पिक्चर सगळ्यांना आवडला.
खऱ्या कार्डात आहे ते, तीन प्रती केल्यात.
नवरी छान हसते म्हणतात,
आजकालच्या पोरी रडत नाहीत म्हणतात.

खोटं कार्ड माझ्या पाकिटात असते.
कधी रात्री लावून बघतो.
राखाडी, राखाडी, मग गाल, मग हळद.
कोपऱ्यात अजूनही इमानदारीत लिहून येते:
चारशे जीबीच्या वर जागा शिल्लक आहे.