टरफलं

कुस्ती मी कधी धड पाहिलीच नाही.
माझी पाठ रिंगणाकडं, तोंड माणसांकडं,
डोक्यावर पाटी, हातात कागदाच्या पुड्या.
तरी गर्दीचं मला विचारा.
खेळ सुटल्यावर जमिनीवर किती टरफलं पडलीत,
त्यावरून सांगते.

गड्ड्याच्या दिवसांत फ्रीस्टाईलवाले तंबू ठोकायचे.
चार बाजूंनी दोर, खाली फळ्या,
फळ्यांखाली तेलाचे रिकामे डबे.
माणूस आपटला की वाटायचं, गिरणीचं छप्पर आलं खाली.
त्यात एक बुरखेवाला, काळा विंचू.
म्हणजे आमच्या बोळातला नरसय्या बोद्दूल.
दिवसा टॉवेलच्या मागावर, रात्री विंचू.
सगळ्यांना ठाऊक.
पहिल्या रांगेत विडीवाल्या बायका,
तेलुगूत त्याच्या सात पिढ्या धुऊन काढायच्या,
त्यात एक त्याची सख्खी मेहुणी.

पंचानं पाठ वळवली की
विंचू कमरेतून खडूची भुकटी काढायचा.
"मागं बघ की बे! मागं बघ!"
अख्खा तंबू उठून पंचाला सांगायचा.
पंच बघायचा नाही.
कुठल्याच रात्री बघायचा नाही.
आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं येऊन
तेवढ्याच जिवाच्या आकांतानं सांगायची.

दोन पाट्या संपायच्या माझ्या.
खायचे, ओरडायचे, अर्ध्या विंचवाला फेकून मारायचे,
परत विकत घ्यायचे.
नुरा म्हणा, सोंग म्हणा,
माझी पोरगी त्या सोंगावर बारावी झाली.

खेळ सुटला की तो कनातीमागून यायचा,
बुरखा काखेत, तोंड उकडलेल्या रताळ्यासारखं.
"अक्का, आज शिव्या कमी पडल्या का ओ?"
मी चार शेंगा द्यायचे. पैसे कधी मागितले नाहीत.
डाव्या दाढेनं फोडायचा.
उजवीकडचे दोन दात
एका खोट्या ठोशात खरेच गेले होते.

परवा अक्कलकोट रोडच्या मंगल कार्यालयात
जाळीचा पिंजरा लावला, आठ कोनांचा.
भिंतीवर थर्माकोलचं 'शुभविवाह' तसंच.
तिकीट पाचशे. पोरं मोबाईल उगारून उभी.
नरसय्याचा नातू उतरला, वेणू.
समोर विजापूरचा कुणी, बारका, कान चुरगळलेला.
आधी शिट्ट्या, लै दंगा.
मग दोघं खाली गेले,
सुताच्या लडीसारखे एकमेकांत गुंतले,
कुणाचा पाय कुणाचा कळेना.
आणि हजारभर माणूस गप.
पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसलेली सगळी.
हातच मोकळा नाही, शेंग कोण फोडणार?

मग एक आवाज आला.
बारीक. पाठमोरी होते तरी ओळखला.
भाजकी शेंग अंगठ्याखाली फुटते, एवढाच.
वेणूचा खांदा.

कुणी पंचाला काही सांगितलं नाही.
पंच बघतच होता.

त्यानंतर जो ओरडा उठला
तो मी तंबूत जन्मात ऐकला नव्हता, खरं सांगते.
छातीतली पाटी हलली.
पण त्यात शब्द नव्हता एकही.
साधी शिवीसुद्धा नव्हती.

शेवटच्या रांगेत नरसय्या, कानात यंत्र,
तो मात्र तोंडाशी दोन्ही हात नेऊन
"मागं बघ की बे" म्हणाला.
कुणाला म्हणाला, कोण जाणे.
शेजारची पोरं हसली.

सिव्हिलच्या पायरीवर मी त्याच्याजवळ बसले,
पाटी भरलेली तशीच.
एक पुडी दिली. त्यानं फोडली नाही.
वेणू शुद्धीवर आला की मागेल म्हणाला,
खिशात ठेवली.

मग दुसऱ्या खिशातून दहाची नोट काढून
माझ्या पदरावर ठेवली.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.
मी घेतली.