खूणगाठ

किलिफीच्या खाडीवर अजून उजाडलेलं नसतं
तेव्हा मी नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उचलते.
पांढरी वाफ घोट्यांवर सांडते,
रखवालदार काहिंदी दारातूनच विचारतो,
"दामा, आज कुणाला जागं करतेस?"

करिसाला.
म्हणजे त्याच्या पहिल्या वर्षीच्या रक्ताला.
माणूस स्वतः केव्हाचा बाहेर बाकावर आहे,
चोविसाव्या महिन्याची सुई टोचून घेऊन,
मांडीवर जाळं, दातांत दोरा.
नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे.
पण लहान गावात आकडेसुद्धा तोंडओळखीचे होतात.

लस सांगायला सोपी आहे:
चिंपांझीच्या पोटात राहणारा एक विषाणू घेतला,
त्याचं बीज खुडलं, वंश वाढू नये म्हणून,
आणि हाती सांगावा देऊन दंडातून आत धाडला.
पेशीच्या दारात निरोप ठेवायचा, तिथेच संपायचं.
माणसातलाच सांगाड्या निवडला असता
तर शरीरानं त्याला उंबऱ्यावरूनच पिटाळलं असतं,
निरोप न ऐकता.
दुसऱ्या खेपेला तर हाही ओळखीचा झालेला असतो.
मग गोरिलाकडचा शोधायचा.
अशी आमची उसनवारी.

रोग मात्र बहुरूपी.
कधी फौजदार होऊन येतो, कधी गोसावी,
आणि आमच्या जुन्या लशीनं
फक्त त्याच्या अंगरख्याचं वर्णन सांगून ठेवलेलं.
म्हणून या वेळी निरोपात आतलं हाडही घातलं,
जे सहजासहजी पालटता येत नाही.
हे चित्र काढून समजावत होते तेव्हा करिसा म्हणाला,
"एवढंच ना? शिडाच्या रंगावरून होडी ओळखतो तो पाहुणा.
आम्ही बघतो, ती लाटेवर बसते कशी."
मी ते वहीत उतरवलं, समासात.

पहिला निकाल वाईट.
प्रतिपिंडं उतरलेली, ओहोटीच म्हणा.
नव्या रूपासमोर त्याचं रक्त काचेत जवळजवळ मुकं.
डबा उघडला, नारळातला भात थंड झाला होता.
तसाच झाकला.

राहिली दुसरी तपासणी.
पेशी रात्रभर उबेत ठेवायच्या,
त्यांना ते हाड हुंगायला द्यायचं,
आणि जिला आठवेल ती जागच्या जागी
एक जांभळा ठिपका सोडते.
ठिपके मोजायला यंत्र आहे. मी आधी डोळ्यांनी मोजते.

म्बोद्झेच्या खणात दोन.
कोऱ्या खणातही दोनच असतात.
म्बोद्झे, जी सुई पाहून सगळ्यांत मोठ्यानं हसते.
तिला लस मिळाली की नुसतं मिठाचं पाणी
मला माहीत नाही, माहीत असूही नये,
तरी त्या खणावरून नजर लवकर हलेना.
करिसाच्या जुन्या रक्तात त्रेसष्ट.
नव्यात एकेचाळीस.
कमी झालेत.
आहेत.

संध्याकाळी तो पुन्हा आला,
बसभाडं राहिलं होतं ते न्यायला.
"काय म्हणतंय रक्त? आठवतंय का त्याला?"
सांगायची मुभा नाही, अभ्यास उघडेपर्यंत कुणालाच.
शिवाय एक माणूस म्हणजे पुरावा नव्हे,
चारशे बाकी आहेत, आणि तीन वर्षं,
आणि त्या तीन वर्षांत तो बहुरूपी
काय काय नेसून येईल कोण जाणे.
मी म्हटलं, "सही इथे कर."

त्यानं पैसे दोनदा मोजले,
मग जाळं पसरून एक गाठ दाखवली,
सगळ्या पांढऱ्या दोऱ्यांत एकटीच निळी.
"इथून एकदा निसटला होता," म्हणाला,
"कोण, ते विसरलो.
हात मात्र तिथे आपोआप जातो."