पावशेर

गुल्हान्याच्या दुकानाचं शटर
दोन वर्षांनी वर गेलं,
आधी उंदीर निघाले,
मग हिंगाचा वास.

मैनाबाईनं दारात सडा टाकला,
डेहनकरच्या पोरानं वायर जोडली,
ग्रामसेवक उभा राहून पाहत होता.
घरामागं पाचशे ठरले.
ज्याच्याकडे नव्हते त्यानं पायलीभर तूर आणली,
तीच पहिल्यांदा विकली गेली.

काटा होता, वजनं नव्हती.
बंद पडलं तेव्हा कोणी कोणी नेलेली,
आठवण म्हणून म्हणे.
दोन किलोचं लोणच्याच्या बरणीवरून आलं,
किलोचं शाळेच्या दाराला टेकू होतं,
अर्ध्या किलोनं मेश्रामभाऊ
बैलाचा खुंटा ठोकत.
पावशेराचं मात्र कोणी कबूल केलं नाही.

वच्छला गल्ल्यावर बसली,
बापाची पेन्सिल कानामागं.
"पावशेर साखर दे वं बाई."
तिनं ओंजळीनंच भरली,
पेपराचा पुडा बांधला,
दोरा दातानं तोडला.
"कमी झाली तं आत्ताच बोला.
जास्त झाली तं
पुढच्या खेपेले सांगजा."

पोळा झाला, दिवाळी झाली.
अजून कोणी
सांगायला आलं नाही.